शाळेच्या दिवशीच पोटात का दुखतं?

दुसरीतलं मूल. दप्तर भरून झालं, बूट घालायची वेळ आली आणि पोटात कळ आली. चेहरा खरोखर पिळवटलेला असतो. आई डॉक्टरांकडे नेते, तपासण्या होतात, काहीच निघत नाही. सुट्टीच्या दिवशी हेच मूल दिवसभर उड्या मारत असतं. मग घरात शब्द येतो, ‘नाटकं’. थोड्या दिवसांनी शाळेतही तोच शब्द ऐकू येतो.

हे दुखणं खरं असतं, हे आधीच ठामपणे सांगते. भीती वाटली की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोक्याची सूचना देतो. अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, छाती धडधडते, स्नायू ताणले जातात आणि पचनाचं काम मागे पडतं. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत दळणवळण चालू असतं. त्यामुळे काळजीची पहिली खबर पुष्कळदा पोटातूनच येते. मुलाखतीच्या आधी मोठ्यांचंही पोट बिघडतं. पण मोठा माणूस ‘मला टेन्शन आलंय’ असं म्हणू शकतो. सात वर्षांच्या मुलाकडे ते वाक्य अजून आलेलं नसतं. त्याला जे जाणवतं, ते ते सांगतं.

प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या मनाची काळजी घ्यायची म्हणजे आधी अशा तक्रारी ऐकता यायला हव्यात. त्या सगळ्यात आधी ज्याच्या कानावर पडू शकतात तो माणूस डॉक्टर किंवा समुपदेशक नसतो, तर रोज काही तास मुलासमोर असणारा वर्गशिक्षक असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की ‘मानसिक आरोग्य’ नावाची तासिका वेळापत्रकात घालण्याआधी शाळेने आपला नेहमीचा दिवस नीट बघावा. वर्गात पाऊल टाकताना मुलाला काय वाटतं, उत्तर चुकलं की त्याचं काय होतं, मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर असतं, इथेच बरंचसं ठरून जातं.

पोटदुखीच्या मुलाचं पुढे काय होतं तेही बघू. आईवडील त्याला घरी ठेवतात. तासाभरात दुखणं थांबतं. मुलाच्या मेंदूने यातून एक धडा घेतलेला असतो: शाळा टाळली की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी कळ जास्त जोरात येते. एका दिवसाचे चार दिवस होतात. मध्ये बुडलेला अभ्यास, मित्रांचं ‘का नव्हतास रे?’, बाईंचा प्रश्नार्थक चेहरा, हे सगळं मूळच्या भीतीत भर घालतं. चिंतेचं हे चक्र टाळण्यावर पोसलं जातं आणि ते तोडायचं तर मुलाला हळूहळू पण नेमाने शाळेत यावंच लागतं. आधी शरीरात खरंच काही बिघाड नाही ना, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यायचं. मग भीती कशाची आहे ते शोधायचं. एखाद्या मुलाला शाळेचं स्वच्छतागृह नको असतं, कोणाला डब्याच्या वेळी एकटं बसावं लागत असतं, कोणाला आपण घरी नसताना आईला काही होईल असं वाटत असतं. कारण हाती लागलं की तोडगा अनेकदा अगदी साधा निघतो: पहिले काही दिवस फाटकाशी ओळखीच्या बाई उभ्या राहतील, सुरुवात अर्ध्या दिवसाने होईल, पोटात दुखलं तर पाच मिनिटं ठरलेल्या जागी बसायची मुभा असेल, पण तिथून परत वर्गात यायचं. घरी परत पाठवायची घाई शाळेने करू नये. ‘काही होत नाही, रडू नकोस’ असं म्हणून सोडूनही देऊ नये.

आजार कोणता आणि रोजची कुरबुर कोणती

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली लागू झालेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे. शरीर, मन आणि समाजातलं जगणं या तिन्ही बाजूंनी सुस्थितीत असणं म्हणजे आरोग्य. नुसता आजार नसणं पुरेसं नाही. मुलांना ही व्याख्या लावली की एक गैरसमज सरळ होतो. मनाचं आरोग्य चांगलं असलेलं मूल सतत हसरं असतं, असं नाही. ते रडतं, रुसतं, हरल्यावर चिडतं, मैत्री तुटली की दोन दिवस जेवत नाही. मग सावरतं, खेळायला जातं, नवं काही शिकताना अडखळतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. सावरता येणं ही यातली महत्त्वाची गोष्ट.

काही मुलं मात्र सावरत नाहीत. २०२१ साली १९२ अभ्यास एकत्र करून झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं, की ज्यांना आयुष्यात मानसिक आजार होतात त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये त्याची सुरुवात १४ वर्षांच्या आधी झालेली असते. म्हणजे ‘मोठं झालं की होईल नीट’ हा भरवसा सगळ्यांच्या बाबतीत खरा ठरत नाही.

सहा ते अकरा या वयात मुलाच्या आयुष्यात उलथापालथ चालू असते, पण बाहेरून ती फारशी दिसत नाही. घरात ते सगळ्यांचं लाडकं असतं. शाळेत ते चाळिसांतलं एक होतं. आपल्या बाजूच्याला वाचता येतं आणि आपल्याला नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतं. पाचव्या वर्षी ‘मी सगळ्यात जोरात पळतो’ म्हणणारं मूल आठव्या वर्षी म्हणतं, ‘मी तसा पळतो, पण तो जास्त पळतो’. ही तुलना वाढीचा भाग आहे, ती थांबवता येत नाही. पण ज्या मुलाच्या वाट्याला प्रत्येक तुलनेत खालची जागा येते, त्याचं स्वतःबद्दलचं मत याच वर्षांत घट्ट होऊ लागतं. आणि मनाला आवर घालणारा, थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. आठ वर्षांच्या मुलाकडून ‘तुला कळत कसं नाही’ अशी अपेक्षा करताना आपण हे विसरतो.

वर्गात काय दिसतं

मोठ्या माणसाचं नैराश्य उदास चेहऱ्यात दिसतं. लहान मुलाचं कित्येकदा चिडचिडीत दिसतं. चिंता असलेलं मूल कधी घाबरट दिसतं, कधी हट्टी. त्याला काय होणार हे आधी कळायला हवं असतं, म्हणून ते तेच तेच विचारत राहतं किंवा ठरलेलं बदललं की आकांडतांडव करतं. काही मुलं घरी भरभरून बोलतात आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द काढत नाहीत. त्याला निवडक अबोलपणा म्हणतात. तो चिंतेचाच प्रकार आहे, उद्धटपणा नव्हे. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ‘बोल, बोल’ म्हणणं म्हणजे त्याचा घसा आणखी आवळणं.

आरडाओरडा करणाऱ्या मुलाकडे लक्ष जातंच, कारण ते वर्ग चालू देत नाही. मला जास्त काळजी वाटते ती गप्प मुलांची. वही नीट, गणवेश स्वच्छ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पालकसभेत त्यांच्याबद्दल ‘काही त्रास नाही’ असं सांगितलं जातं आणि पुढचं नाव पुकारलं जातं. शिक्षकांनी एक सोपी गोष्ट करून बघावी. दिवस संपल्यावर हजेरीपट समोर घ्यायचा आणि प्रत्येक नावापुढे आज या मुलाशी अभ्यासाव्यतिरिक्त आपण काय बोललो ते आठवायचं. काही नावांपुढे रोज काहीच आठवत नाही. ती यादी दोन आठवड्यांत फारशी बदलत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्या मुलांपासून करावी.

मग काळजी कधी करायची? एका दिवसाच्या वागण्यावरून काही ठरवू नये. बदल बघावा. पूर्वी बोलणारं मूल बोलेनासं झालं, खेळणारं खेळेनासं झालं, अक्षर बिघडलं, डबा तसाच परत जाऊ लागला, सुटलेली सवय परत आली, जसं अंथरूण ओलं करणं. असं दोन-तीन आठवडे टिकलं, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसलं आणि अभ्यास, झोप किंवा मैत्री यांत अडथळा यायला लागला, तर ते गांभीर्याने घ्यावं. घरात बाळ आलं असेल, कोणी गेलं असेल, घर बदललं असेल, आईवडिलांत वाद असतील, तर काही काळ असं होणारच. तरी शाळेला ते माहीत असलेलं बरं.

वागण्याचा अर्थ लावताना मनाच्या आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. फळ्यावरचं दिसत नाही, कमी ऐकू येतं, रात्री झोप होत नाही, सकाळी पोटात काही नसतं. यांतली कोणतीही गोष्ट मुलाला ‘लक्ष नसलेलं’ बनवू शकते. वाचनातली अडचणही तशीच. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की एक मुलगा हमखास विदूषकी करतो, बाई रागावतात, त्याला बाहेर उभं करतात. बाहेर उभं राहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण आतमध्ये चौथीच्या वर्गासमोर अक्षर अक्षर जुळवत बसण्यात त्याहून मोठी नामुष्की होती. त्याचा खोडकरपणा कमी करायला शिक्षा नको, वाचायला शिकवणारं कोणीतरी हवं.

बाई वर्गात काय करू शकतात

तिसरीचा गणिताचा तास आहे. हातच्याची वजाबाकी चाललीय. एक मुलगा लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो. रबराने कागद फाटतो. क्षणात वही हवेत जाते आणि पुढच्या मुलीच्या डोक्याला लागते. वर्ग शांत होतो आणि सगळे बाईंकडे बघतात.

या घडीला ‘असं करतात का? काय विचार करून फेकलीस?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. विचार करणारा भाग त्या वेळी मागे पडलेला असतो. मुलाला खरंच सांगता येत नाही. बाई आधी त्या मुलीला लागलं का बघतात. मग मुलाच्या बाकाशी जातात, गुडघ्यावर बसतात, म्हणजे चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येतो. आवाज नेहमीपेक्षा हळू, शब्द मोजके. ‘वही फाटली. खूप राग आलाय. मी इथेच आहे.’ मग गप्प राहतात. मुलाचा श्वास हळूहळू खाली येतो, कारण समोरच्या मोठ्या माणसाचा श्वास शांत असतो. लहान मुलांना स्वतःला शांत करता येत नाही. आधी कोणीतरी त्यांना शांत करावं लागतं, आणि असं शेकडो वेळा झालं की ते हळूहळू त्यांचं त्यांना जमू लागतं. बाईच ओरडल्या असत्या, तर मुलाच्या मेंदूला धोका खरा असल्याची खात्री पटली असती.

भावनेला नाव देणं यातलं महत्त्वाचं पाऊल. मोठ्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं घेऊन २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की चेहऱ्यावरची भावना शब्दांत ओळखायला सांगितल्यावर अमिग्डालाची धावपळ कमी होते. मुलांना हे शब्द शिकवावे लागतात. राग, कंटाळा, लाज, हेवा, धास्ती, हिरमुसणं. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, पण ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ या दोघांवरच आपण भागवतो.

दहा मिनिटांनी, वर्ग आपल्या कामाला लागल्यावर, बाई त्या मुलाशी बोलतात. राग येणं चालतं, वही फेकणं चालत नाही, हे दोन्ही स्पष्ट सांगतात. तो मुलीला ‘लागलं का?’ विचारतो, पान चिकटवतो. प्रेमाने वागणं म्हणजे सगळं चालवून घेणं, असं मुळीच नाही. आणि शेवटी बाई ते गणित बघतात. वरच्या संख्येत शून्य आलं की हा मुलगा अडतो, हातचा कुठून घ्यायचा ते त्याला कळलेलंच नाही. ते समजावून देणं हाही मनाच्या काळजीचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग आहे. जे मूल दररोज नापास झाल्याच्या भावनेने घरी जातं, त्याला श्वासाचे व्यायाम किती पुरणार?

वर्गाची रोजची घडी पक्की असली की चिंतेला जागा कमी मिळते. दारात नावाने हाक, फळ्याच्या कोपऱ्यात आजच्या तासांचा क्रम, काही बदलणार असेल तर आधी सूचना, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना ठरलेली खूण. ज्या मुलाच्या घरी काहीच ठरलेलं नसतं, त्याला या घडीचा मोठा आधार असतो.

शाबासकीही विचार करून द्यावी. १९९८ साली अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांत काही मुलांना ‘किती हुशार आहेस’ म्हटलं गेलं आणि काहींना ‘किती मेहनत घेतलीस’. पुढे अवघड प्रश्न सुटेनासे झाले तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली आणि त्यांची पुढची कामगिरीही घसरली. या विचारावर आधारलेल्या नंतरच्या उपक्रमांचा परिणाम सगळीकडे सारखा दिसलेला नाही, म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. पण मुलाने नेमकं काय चांगलं केलं ते सांगावं, एवढं यातून नक्की घेता येतं. ‘छान’पेक्षा ‘उत्तर चुकल्यावर तू स्वतः परत तपासलंस, ते मी बघितलं’ हे मुलाच्या लक्षात राहतं.

वर्गाच्या पातळीवर काही पद्धती वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या आहेत. ‘गुड बिहेवियर गेम’ हा त्यांतला जुना प्रकार. अमेरिकेत १९६९ साली चौथीच्या एका वर्गातला त्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गाचे गट पाडायचे, मोजके नियम सगळ्यांना समजतील असे सांगायचे, ठरलेल्या थोड्या वेळात नियम मोडला की गटाच्या नावापुढे खूण करायची. खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर सगळे गट जिंकू शकतात, ही त्यातली खुबी. नंतर बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेतला गेला आणि मुलं तरुण झाल्यावर त्यांना पुन्हा भेटण्यात आलं. लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनांचं प्रमाण कमी आढळलं. पहिलीतल्या रोजच्या काही मिनिटांचा परिणाम विशीत दिसतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

भावना ओळखणं, राग आवरणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, भांडण सोडवणं हे शिकवणाऱ्या शालेय कार्यक्रमांचा २०११ साली मोठा आढावा घेतला गेला. त्यात २१३ कार्यक्रम आणि २ लाख ७० हजारांहून जास्त मुलं होती. मुलांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ शततमक अंकांनी पुढे गेली, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण ११ जागा पुढे सरकलं. ‘अभ्यासाला वेळ पुरत नाही, हे कशाला?’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सगळेच कार्यक्रम मात्र चालत नाहीत. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतल्या ११ ते १४ वर्षांच्या ८ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाच्या, प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या शिकवणुकीपेक्षा त्याने मुलांच्या मनःस्थितीत फरक पडला नव्हता. मुलं मोठी होती, हे खरं. तरी शाळेने तयार कार्यक्रम विकत घेताना तो आपल्या वयाच्या मुलांवर तपासला गेलाय का, हे विचारलंच पाहिजे.

शिक्षेबद्दल थोडक्यात. मार, टोमणा, सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा यांनी मूल त्या क्षणी गप्प बसतं, पण ते शिकतं काय? लपवायला आणि घाबरायला. माराचा आक्रमकपणा आणि मनाच्या तक्रारी वाढण्याशी संबंध दिसतो, हे अनेक दशकांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात शाळेतली शिस्त मुलाची प्रतिष्ठा राखणारी असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच कराराच्या ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेणं ही शिक्षा मला विशेष खटकते. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याचंच पळणं आपण बंद करतो आणि मग शेवटच्या तासाला ते आवरत नाही म्हणून पुन्हा रागावतो.

मधल्या सुट्टीतलं जग

दोन मुलांचं भांडण आणि एकाला ठरवून छळणं यांत फरक आहे. भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते आणि ते मिटतं. छळात एकाकडे ताकद जास्त असते, मग ती अंगाची असो, वयाची असो की मागे असलेल्या टोळक्याची, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. डॅन ओल्वेयस या नॉर्वेत काम केलेल्या संशोधकाने १९७०च्या दशकापासून हा फरक नीट मांडला. छळात मारच हवा असं नाही. नावं ठेवणं, खेळात न घेणं, ‘हिच्याशी कोणी बोलायचं नाही’ असं ठरवणं हेही तितकंच लागतं, आणि शिक्षकांच्या नजरेतून तेच निसटतं.

मग काय करतात? दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणतात. भांडणाला हे चालेल. छळाला चालत नाही, कारण छळ सोसणारं मूल त्या दुसऱ्यासमोर खरं बोलूच शकत नाही आणि संध्याकाळी त्याला त्याची किंमत मोजावी लागते. दोघांशी वेगवेगळं बोलावं. तक्रार करणाऱ्याला ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न पहिला विचारू नये.

छळ थांबवण्याची खरी किल्ली बघ्यांकडे असते. कॅनडात खेळाच्या मैदानावर पहिली ते सहावीच्या मुलांचं चित्रीकरण करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं जवळपास होती. मध्ये पडणारी थोडीच होती, पण ती पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमधला ‘किवा’ हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे: हसून साथ देणारे, गप्प बघणारे आणि मनातून वाईट वाटणारे अशा सगळ्यांना त्यांची भूमिका दाखवायची. सातवर्षीय मुलाने मोठ्या मुलाशी दोन हात करावेत, अशी अपेक्षा नाही. ‘चल, आपण तिकडे खेळू’ म्हणून एकट्या पडलेल्याला बाजूला नेणं त्याला जमतं. आणि मोठ्यांना जाऊन सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे त्याला शाळेने पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

एक माणूस

हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं काढला. गरिबी, घरातले वाद, आईवडिलांचा मानसिक आजार किंवा व्यसन अशा अनेक गोष्टींनी एकाच वेळी घेरलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, समजूतदार माणसं झाली. त्यांच्यात जे समान होतं, त्यांत एक गोष्ट ठळक होती: किमान एका स्थिर, आपुलकीच्या मोठ्या माणसाशी जुळलेलं नातं. तो माणूस आजी असेल, शेजारी असेल, आणि पुष्कळांच्या बाबतीत एखादी शिक्षिका होती.

हे वाचून शिक्षकांवर आणखी एक ओझं टाकावं असं मला वाटत नाही. त्यांचं मनही याच शाळेत दमतं. कॅनडातच २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात, ज्या वर्गांच्या शिक्षकांनी आपण पार थकून गेलोय असं सांगितलं, त्या वर्गांतल्या मुलांच्या लाळेत सकाळचं कॉर्टिसॉल जास्त आढळलं. कोणामुळे कोणाचं वाढलं ते त्यातून ठरत नाही, पण दोघांचा ताण एकमेकांत गुंतलेला आहे एवढं दिसतं. मुख्याध्यापकांनी मुलांच्या मनाबद्दल व्याख्यान ठेवण्याआधी शिक्षकांच्या हातातली कागदपत्रं कमी करता येतील का ते बघावं. अवघड वर्ग असलेल्या बाईंना दिवसात दहा मिनिटं कोणीतरी मोकळं करावं.

घरच्यांशी बोलताना

पालकांना बोलावून ‘तुमच्या मुलाला प्रॉब्लेम आहे’ असं म्हटलं की दार बंद होतं. आईवडील एक तर बचाव करतात, नाहीतर घरी जाऊन मुलाला झोडपतात. त्याऐवजी पाहिलेलं सांगावं: ‘गेले तीन आठवडे ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसते. आधी बाहेर खेळायची. घरी काही वेगळं जाणवतंय का?’ मुलाची एखादी खरी जमेची बाजूही सांगावी, पण वाईट बातमीला गोड वेष्टण म्हणून नव्हे. पालकांनीही मुलाला ‘आज काय शिकलास?’ असं विचारून उत्तराची वाट बघत बसू नये. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ याचं उत्तर मिळतं आणि त्यातून पुष्कळ काही कळतं.

झोपेला पर्याय नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. पाच वर्षांपुढच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असं खेळावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चिडचिड्या मुलाला तज्ज्ञांकडे नेण्याआधी दोन आठवडे वेळेवर झोपवून बघावं. मोबाइल बिछान्यापासून दूर ठेवला तरी फरक जाणवतो.

पुढची मदत लागते तेव्हा

शिक्षकाने निदान करायचं नसतं. ‘हा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) आहे’, ‘हिला डिप्रेशन आहे’ अशी लेबलं शिक्षककक्षात सहज फिरतात आणि मुलाला कायमची चिकटतात. शाळेने निरीक्षण लिहून ठेवावं: काय घडलं, केव्हा, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चाललं. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली तयार केलेली २५ वाक्यांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती पालक आणि शिक्षक दोघेही भरू शकतात. तीही फक्त पुढे तपासणी हवी का ते सांगते. निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञच करतात.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. मूल ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं म्हणालं, स्वतःला इजा करू लागलं, जेवण सोडलं, किंवा कोणीतरी त्याच्याशी नको तसं वागतंय असा संशय आला, तर त्याच दिवशी हालचाल करावी. मरणाबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार घुसेल, ही भीती अनेकांना वाटते. अभ्यास तसं दाखवत नाहीत. शांतपणे, सरळ विचारावं आणि मुलाला एकटं सोडू नये.

मूल कधी म्हणतं, ‘बाई, एक सांगते, पण कोणाला सांगायचं नाही.’ हे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागलं, तर मी आधी तुला सांगेन’, इतकं म्हणता येतं. अत्याचाराची गोष्ट असेल तर मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून घ्यावेत, खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, संशयित माणसाला परस्पर जाब विचारू नये आणि शाळेने ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीमार्फत कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला कळवावं. मुलाला मात्र लगेच सांगावं, की सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही.

उपचार सुरू झाले की शाळेचं काम संपलं, असं पुष्कळदा धरलं जातं. तिथेच मुलं हातातून निसटतात. काही आठवडे घरी राहिलेलं मूल परत येतं तेव्हा वर्गाला काय सांगायचं, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना आधी विचारून ठरवावं. बुडलेला अभ्यास एकदम अंगावर टाकू नये. आज काय करायचं आणि काय सोडून द्यायचं ते शिक्षकाने स्वतः ठरवून द्यावं. त्याची जागा आधीचीच ठेवावी, शेजारी त्याला आवडणारं मूल बसवावं, आणि जास्त वाटलं तर उठून कोणाकडे जायचं हे पहिल्याच सकाळी सांगून ठेवावं.